तुळजाबाईंच्या गाठी

२०१९च्या उन्हाळ्यात चौसाळ्याजवळच्या एका गावात दूध संस्थेने चारा छावणी चालवली. जनावरांसोबत मुक्कामाला असलेल्या चाळीसेक माणसांचा स्वयंपाक बचत गटाच्या बायकांकडे होता. पाणी टँकरचं. उरलेलं अन्न टाकणं कुणाच्याही जिवावर यायचं. म्हणून संस्थेचे सचिव बद्रीनाथ यांनी दुधाचे नमुने ठेवायचा जुना फ्रीज स्वयंपाकाला दिला आणि तो तुळजाबाईंच्या ताब्यात गेला.

तुळजाबाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या. बावीस हंगाम ऊस तोडलेला. लिहिता-वाचता येत नव्हतं. फ्रीजमध्ये ठेवलेल्या प्रत्येक डब्याला त्या दोरा बांधत. भाताला एक गाठ, वरण-भाजीला तीन. रोज संध्याकाळी प्रत्येक दोऱ्याची एक गाठ सोडायची. दोरा सरळ झाला की डबा रिकामा करायचा. वीज चार तासांच्या वर गेली, तर सगळ्याच गाठी सुटत.

हे कुठून आलं, तर एका हंगामात आदल्या दिवशीचा भात खाऊन त्या चार दिवस दवाखान्यात होत्या. तिथल्या नर्सने सांगितलं होतं, की भात बिघडला तरी वास येईलच असं नाही, आणि परत तापवला तरी त्यातला दोष जात नाही. तासाभरात गार करून फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी संपवावा. ‘‘आमच्या पाचटाच्या कोपीवर कुठला आलाय फ्रीज,’’ म्हणून तुळजाबाई हसल्या होत्या. नर्सचं नाव विचारायचं राहून गेलं.

मे महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी त्या तेलगावला गेल्या. रविवारी सकाळी निघाल्या, मंगळवारी सकाळी परतल्या. छावणीत कढईत फोडणी तडतडत होती आणि गटातली वत्सलाबाई भाताचा मोठा डबा उघडत होती.

‘‘कवाचा गं ह्यो?’’

‘‘गाठ हाय की मावशी. बघा, एक शिल्लक हाय.’’

तुळजाबाईंनी दोरा हातात घेतला. गाठ त्यांचीच होती, शनिवारी रात्री मारलेली.

‘‘मी नव्हते तवा सोडली कुनी?’’

कुणीच नाही. गाठी सोडायचं काम मावशींचं, त्याला दुसऱ्याने हात कशाला लावायचा, असं सगळ्या समजून होत्या. रविवार-सोमवार छावणीत माणसं कमी होती, म्हणून भात तसाच राहिला होता.

तोवर बद्रीनाथ आले. त्यांनी डबा नाकाशी धरला. ‘‘वास न्हाई, काई न्हाई. कावून फेकता मावशी? माणसं उपाशी बसल्यात.’’

‘‘वास आला असता तर तुला इचारलंच नसतं, बद्री.’’

‘‘मग जनावरांना तरी घाला.’’

‘‘चारा छावनीचा अन् जनावरं मारायची व्हय रं?’’

भात खड्ड्यात गेला. पाच बायका भाकरी थापायला बसल्या. जेवण दीड तास उशिरा झालं. सुग्रीव नावाचा एक गडी ताटावर बसता बसता म्हणाला, ‘‘लग्नाचं जेवून आलं मानूस, त्याला आमच्या भुकेचं काय!’’ तुळजाबाईंनी त्याला एक भाकरी जास्त वाढली.

संध्याकाळी त्या स्वतःच बद्रीनाथांकडे गेल्या. चूक त्यांनी आपल्याकडे घेतली: मी नसले तर बंद पडणारी रीत काय कामाची? बद्रीनाथांनी दूध संकलनाचा मार्कर काढला. डब्यावर तारीख लिहायची, म्हणजे कुणालाही कळेल. पण मग ती तुळजाबाईंना कळायला हवी. पुढचे अकरा दिवस, दूध घालून लोक परतले की, सचिव दुधाच्या कॅनवर खडूने आकडे काढत आणि मावशी ते वाचत.

‘‘सहा अन् नऊनं लई छळलं,’’ त्या सांगतात. ‘‘पन बद्रीनं कटाळा केला न्हाई. त्या नर्सबाईनं जीव वाचवला, ह्यानं आकडे दिले. दोघांचंबी देनं हाय.’’

छावणी पावसाळ्यात उठली. चाळीसांपैकी एकालाही जेवणाने आजारपण आलं नव्हतं. तुळजाबाईंना आज एक ते एकतीस वाचता येतात. पुढचे आकडे त्या शिकल्या नाहीत. डब्यावर लागत नाहीत.