पाणी पाहणारा माणूस

ठेकेदारानं मला फसवलं आणि त्याच्या शब्दावर मी एका चांगल्या माणसाला हाकललं.

लाखनीजवळ हायवेला मी स्विमिंग पूल बांधला. तो भरल्यावर पाणी तयार करायला अड्याळचा एक माणूस येत असे. कोणतंही औषध तो आधी स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यात टाकायचा आणि पेल्याशेजारी तासभर उकिडवा बसून राहायचा. उद्घाटन तोंडावर आलेलं, माझं डोकं तापायचं.

"पानी पाहाले आला का पोरगी पाहाले?"

"पोरगी बोलते तरी, भाऊ. बोअरच्या पान्यात लोहा हाये. क्लोरीन एकदम टाकलं तर चहा होऊन जाईन."

एका दुपारी तो जेवायला गेला आणि परत येईपर्यंत अख्खा पूल चहासारखा झाला होता. ठेकेदार म्हणाला, यानंच टाकून ठेवलं. मी सगळ्यांसमोर त्याला नाही नाही ते बोललो.  जाताना त्यानं पायऱ्यांवर आडवी दोरी बांधली. "लेकरं उतरतीन," एवढंच म्हणाला.

काम लवकर आटपायला ठेकेदारानंच क्लोरीनचा डबा ओतला होता, हे तिथल्या माळ्यानं मला आठवड्यानं सांगितलं. आता पाणी निळं आहे, पण सकाळी काठावर ती उकिडवी पाठ दिसत नाही आणि मला तिथं उभं राहवत नाही. फोन केला तर तो उचलत नाही.

ठेकेदारा, माझं नुकसान सोड. अड्याळला चल, त्याच्या दारात उभा राहा आणि डबा कोणी ओतला ते त्याच्या तोंडावर सांग. मी तुझ्या बाजूलाच उभा राहीन.