उत्तेजनार्थ सात

स्टील प्लांटच्या वसाहतीत आमच्या सेक्टरमधल्या मराठी मंडळात रांगोळीची स्पर्धा असली की परीक्षक म्हणून आमच्या बाबांना बोलवायचे. बाबा प्लांटमध्ये क्लार्क. रांगोळीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण कोणाला नाराज करायचं नाही हे फार चांगलं कळायचं. तीन नंबर काढून झाले की उरलेल्या सगळ्या बायकांना उत्तेजनार्थ बक्षीस. आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात उत्तेजनार्थ मिळालेली एक तरी स्टीलची वाटी होती. आईला परीक्षकाची बायको म्हणून वरचा नंबर कधी मिळालाच नाही, आणि बाबा जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिचा तो राग गेलेला नाही.

आता परीक्षकाचं काम माझ्याकडे आलं आहे. दिवसा मी दुर्गजवळच्या रसमड्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो आणि उरलेल्या वेळात एका मराठी वेबसाइटसाठी व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहितो. मोठ्या कंपन्यांचे गेम तरुण मुलं पळवतात. माझ्या वाट्याला येतात ते एकट्यादुकट्याने, घरात बसून, नोकरी सोडून केलेले. इंडी गेम. सुरुवातीला मला याचं फार अप्रूप होतं. डोक्यावर साहेब नसलेल्या माणसाने केलेली वस्तू म्हणजे काय, हे बघायलाच मी बसायचो. आता जीव मेटाकुटीला आला आहे.

हल्लीच्या या गेमांमध्ये कोणीतरी मेलेलं असतं. आजोबा मेलेले असतात आणि नातवाला शेत मिळतं. नवरा मेलेला असतो आणि बाई समुद्राकाठी जाऊन राहते. मागे पियानो वाजत असतो. एक बटण दाबून धरायचं, म्हणजे नायिका दीर्घ श्वास घेते. मी रसमड्याहून स्कूटरवर येतो, नाकातली काळी धूळ धुतो आणि बटण दाबून दुसऱ्याच्या वतीने श्वास घेत बसतो. चांगलं काही नसतं असं नाही. चित्रं जीव ओतून काढलेली असतात. पहिला तास बहुतेकांचा सुंदर जातो, कारण जे सांगायचं ते पहिल्या तासातच सांगून होतं. मग लांबी भरायला तेच ते काम. शेवटाकडे तर करणाराच थकलेला दिसतो, आणि थकलेल्या माणसाला थकलेला माणूस लगेच ओळखू येतो.

पण लिहायचं कसं? ही माणसं मेल करतात. सहा वर्षं लागली म्हणतात, आई आजारी होती म्हणतात. मग मी दोन तास खेळतो, गुण लिहितो, दोष लिहितो आणि खाली दहापैकी सात देऊन टाकतो. सातने कोणी मरत नाही. बाबांच्या वाट्या आणि माझे सात यांत काही फरक नाही.

माझी धाकटी बहीण बंगळुरात एका गेमच्या कंपनीत होती. कंपनी बंद पडली तेव्हा ती गेल्या दिवाळीत घरी आली. घर म्हणजे वसाहतीबाहेर, कोहक्यातलं. बाबा रिटायर झाल्यावर सेक्टरचं क्वार्टर सोडून आम्ही इथे आलो, दोन वर्षांनी बाबा गेले, आणि मग आई अंगणात पडून तिचं कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून ती वॉकर धरून चालते. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आईचं सगळं माझ्याकडे आलं. त्याचं मला कोणी कौतुक केलं की माझं डोकं फिरतं.

बहीण आली आणि घरात जरा हवा खेळायला लागली. आईची आंघोळ तिने आपल्याकडे घेतली. त्याआधी त्यासाठी एक बाई यायची. तिच्यापुढे आई अंग चोरून बसायची. आता न्हाणीतून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. मी बाहेर पेपर वाचत तो आवाज ऐकायचो आणि मला फार बरं वाटायचं. बाकीचा दिवस बहीण वरच्या खोलीत दार लावून स्वतःचा गेम करायची. कधी कधी हातात छोटा रेकॉर्डर घेऊन घरभर फिरायची, भांडी वाजवायची, नळाला कान लावायची. आई म्हणायची, "हे पोरगी पागल होऊन राहिली."

उन्हाळ्यात हैदराबादच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली. आठवड्यात काय ते कळवायचं होतं. तिने लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला.

"दादा, तू खेळून पाय. चांगला आहे म्हटलं तं मी इथंच राहतो, पूरा करतो. नाही म्हटलं तं जातो."

"माझ्यावर काहून टाकून राहिली?"

"तू परीक्षक ना. पण सच बता. मले उत्तेजनार्थ नको देऊ."

आता माझी गोची बघा. ती राहायला मला हवी होती. गेमसाठी नव्हे, माझ्यासाठी. एक शब्द बोलायचा, 'चांगला आहे', की ती राहणार, आईच्या आंघोळीचा प्रश्न सुटणार, जेवताना समोर बोलणारं कोणीतरी असणार. अनोळखी लोकांना मी असे किती सात वाटले होते. घरच्या माणसाला आठ द्यायला काय जात होतं माझं?

गेमचं नाव होतं 'नळ आले'. दोन भाग. पहिला भाग आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये घडतो. उन्हाळा आहे, नळाला पाणी येताच शेजारची काकू ओरडते, "नळ आले!" आणि खेळणाऱ्याने आई होऊन पळायचं. हंडा, ड्रम, कूलर, न्हाणीतली बादली, सगळं भरायचं. खुबी अशी की भांड्यात पाणी किती झालं ते दिसत नाही, ऐकावं लागतं. हंडा भरत आला की त्याचा आवाज चढतो, ड्रमचा बसतो. खालच्या मजल्यावर कोणी नळ उघडला की धार बारीक होते आणि पाइप फुसफुसतो. मी डोळे मिटून खेळून बघितलं आणि ड्रम बरोबर काठोकाठ भरला. अंगावर काटा आला माझ्या. पियानो नाही, कोणी मेलेलं नाही, आणि तरी आईची पळापळ अशी काही उभी राहिली होती की गेल्या पाच वर्षांत माझ्याकडे आलेल्या कुठल्याच गेममध्ये मी असं बघितलं नव्हतं.

मी हौसेने आईला बोलावलं. ती वॉकर टेकत आली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "मी जन्मभर हेच केलं. आता टीव्हीवर बी हेच करू?" आणि परत जाऊन पडली.

दुसरा भाग कोहक्याच्या घरात. आई म्हातारी झालेली, आणि पाणी भरणारा आता मुलगा. म्हणजे मी. चष्म्यासकट मीच. बोअर आटलेला, नळ पहाटे येतो, हा गडी शांतपणे उठतो, बादल्या भरतो, आईला चहा देतो, खिडकीतून बाहेर बघतो. आणि हळूच पियानो सुरू होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त प्रकाश वेगळा.

मला इतका संताप आला की मी लॅपटॉप बंद केला. नंतर विचार करत बसलो, कशाचा संताप? तिने मला चांगलं दाखवलं होतं, वाईट नव्हे. पण तो माणूस मी नव्हतो. मी पहाटे उठतो तेव्हा माझ्या तोंडातून एकही चांगला शब्द निघत नाही. खालच्या नळावरून पाण्याच्या बादल्या जिन्याने गच्चीवरच्या टाकीत नेताना मी नळाला, नगर निगमला, बाबांना, कधी कधी आईलासुद्धा मनात शिव्या घालतो. शेवटची बादली ओतून झाली की खाली येऊन रिकामी लोखंडी बादली न्हाणीच्या फरशीवर जोरात आदळतो. तिची कडी सैल आहे, आदळल्यावर ती खणखणत राहते. तेवढ्याने जरा मोकळं वाटतं आणि मग मी चहा ठेवतो. आई तेव्हा झोपलेली असते आणि बहीण तर नऊपर्यंत उठत नव्हती, म्हणूनच आदळतो. घरात कोणी जागं असतं तर मी ती बादली हलकेच ठेवली असती.

दुसऱ्या दिवशी तोच भाग मी पुन्हा पहिल्यापासून खेळलो. वाटलं, आपण थकलेले होतो, आज बरा वाटेल. नाही वाटला.

संध्याकाळी बहीण गच्चीवर कपडे काढत होती. मी जाऊन पायरीवर बसलो.

"पहिला भाग फार चांगला आहे," मी म्हणालो. "मले असा करता आला असता तं मी परीक्षणं लिहीत बसलो नसतो."

"आणि दुसरा?"

"दुसरा खोटा आहे."

तिच्या हातात माझा शर्ट होता. तो तिने तसाच धरून ठेवला. "खोटा मतलब?"

"तो माणूस कधी चिडतच नाही. पाणी भरते, चहा देते, खिडकीतून पायते. माणूस आहे का कॅलेंडरवरचा देव? वरून तो पियानो. तू बी पियानो लावला."

"मले वाटलं, तू तसाच आहे."

"तुले वाटलं. कारण तू इथं नव्हती."

हे मला बोलायचं नव्हतं. इतकी वर्षं बोललो नव्हतो, बाबांच्या वेळी नाही, आईच्या हाडाच्या वेळी नाही, आणि आता गेमचा दोष सांगता सांगता तोंडून निघून गेलं. खाली कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. बहिणीने शर्टाची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"किती देशील?" तिने विचारलं.

"पाच."

"परवा त्या मांजरीच्या गेमले तू सात दिले होते."

"तो मी दोनच तास खेळलो होतो."

ती एकदम हसली. हसता हसता तिने माझ्याच शर्टाने डोळे पुसले. "मंजे माझा तू पूरा खेळला."

"दोनदा."

"मग पाच चालते," ती म्हणाली आणि कपड्यांचा ढीग माझ्या मांडीवर टाकून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी तिने हैदराबादला होकार कळवला. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. दुर्ग स्टेशनवर तिला सोडून येताना मी मनात स्वतःला हजार वेळा मूर्ख म्हणालो. आठ म्हणायला काय झालं होतं? त्या मांजरवाल्याला तू ओळखतोस तरी का? घरी आलो तर आई विचारत होती, उद्या आंघोळीला कोण येणार. जुन्या बाईला फोन केला. ती आली, आणि न्हाणीत पुन्हा नुसता पाण्याचा आवाज यायला लागला.

मी परीक्षणं लिहीत राहिलो. आणखी एक शेत, आणखी एक मेलेले आजोबा. सात.

पावसाळा संपता संपता बहिणीचा निरोप आला. नोकरीवरून आल्यावर ती थोडं थोडं काम करत होती म्हणे. गेमची नवी फाइल पाठवली होती आणि वर लिहिलं होतं, "दादा, तू सांगितलेला दोष काढून टाकला. पाहून घे." रविवार होता. जेवण झालं होतं, आई आतल्या खोलीत पडली होती. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो आणि सरळ दुसरा भाग लावला.

पियानो काढून टाकलेला होता. चष्मेवाला माणूस पहाटे उठला, नळाशी बसला, बादल्या भरल्या, जिना चढला, उतरला. शेवटची बादली ओतून झाल्यावर स्क्रीनवर काहीच सूचना आली नाही. मी एक बटण दाबून बघितलं. त्या माणसाने बादली उचलली आणि फरशीवर आदळली.

आवाज ऐकून मी खुर्चीतच ताठ झालो. ती आमचीच बादली होती. आधी दणका, मग सैल कडीची खणखण, आणि त्या खणखणीच्या मागे, नीट कान दिला तर, माझा श्वास. वरच्या खोलीत नऊपर्यंत झोपणारी माझी बहीण कुठल्या तरी पहाटे रेकॉर्डर घेऊन न्हाणीच्या भिंतीआड उभी राहिली होती. तिला सगळं ठाऊक होतं. मला वाईट वाटू नये म्हणून तिने आधी ते घातलं नव्हतं, आणि मी तिला तोंडावर म्हणालो होतो, तू इथं नव्हती.

मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"काहून आदळून राहिला रे बादली?" आतून आईचा आवाज आला.

"मी नाही आदळली, आई. गेममध्ये आहे."

 मग कूस बदलल्याचा आवाज आला.

"मले वाटलं," ती म्हणाली, "आज दुपारीच नळ आले."