पाचोळ्याखालची जमीन

माझ्या मोठ्या जाऊबाई शिवणकाम करतात. गळ्यात सदा टेप, म्हणून सगळी गल्ली त्यांना टेपताई म्हणते. आमच्या गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे पालिकेची जागा आहे. तिथे पूर्वी बांधकामाचा राडारोडा पडायचा. जाऊबाईंनी लेखी परवानगी मिळवली आणि अकरा वर्षं खपून तिथे मळा उभा केला. सुरुवातीला काचा वेचताना हात इतके कापले, की महिनाभर कात्री धरता येईना. आज चौदा घरांत तिथली वांगी, टोमॅटो, पालक शिजतात.

त्यांची एक रीत आहे. वर्षातून एकदा, पीक निघालं की दीड महिना काही लावायचं नाही. वाफ्यांवर वीतभर पाचोळा अंथरायचा आणि गप्प बसायचं. "बाळंतिणीला कोणी लगेच कामाला जुंपतं का?" असं त्या म्हणतात.

नेमके त्याच दीड महिन्यात पालिकेने शहरी शेतीच्या आराखड्यासाठी वरून फोटो काढले. मग टाकीच्या भिंतीवर नोटीस लागली. तिच्यात आमचा मळा 'पडीक जागा' होता. माती खरवडून, फरशी घालून, वर सिमेंटच्या कुंड्यांत 'आदर्श शेती' व्हायची होती. शेतीसाठी शेतच काढायचं. वाचून मला हसावं की रडावं कळेना.

मी म्हटलं, "जाऊबाई, सुनावणीला आठ दिवस आहेत. पाचोळा ओढून काढू, रोपं विकत आणून खोचू. हिरवं दिसलं की झालं."

त्यांनी आधी सुईत दोरा ओवला. मग म्हणाल्या, "फोटो चांगला यावा म्हणून झोपलेल्या माणसाला उठवून पावडर लावशील का तू?"

"आणि जागाच गेली तर?"

"खोटं हिरवं दाखवून राखलेली मला नको. जा, चहा टाक."

मी चहा टाकला आणि देवाला हात जोडले. यांचा हट्ट आता तूच सांभाळ, एवढंच म्हटलं.

सुनावणीला आराखड्याचे साहेब भिंतीवरच्या नकाशापाशी उभे होते. वयाने आमच्या पुतण्याएवढे.

"काकू, फोटो खोटं बोलत नाही. बघा, सगळं तपकिरी."

"साहेब, तुमच्या कोटाचं अस्तर वरून दिसतं का?"

बाकांवरचे लोक हसले. साहेबांनी नकळत कोट सारखा केला.

"नियमाप्रमाणे लागवडीचा पुरावा लागतो, काकू."

"पुरावा जमिनीत आहे. इथे कसा आणू? तुम्हीच या. नाहीतर माती खरवडायला तुमचं मशीन येईल त्या दिवशी मी माझं शिलाई मशीन मळ्यात मांडून बसेन. दोन्ही मशीनं समोरासमोर. कोणाचं आधी हलतं बघू."

आवाज चढला नव्हता. ब्लाउजची तारीख सांगावी तसं सांगितलं. साहेबांनी डायरीत सोमवार लिहिला.

सोमवारी ते कडक इस्त्रीत आले. जाऊबाई म्हणाल्या, "बसा उकिडवे. पाचोळ्यात हात घाला."

"मी नुसतं बघितलं तरी..."

"बघून एकदा चुकलात ना?"

साहेबांनी बाही सरकवली. हात मनगटापर्यंत आत गेला आणि तिथेच राहिला. वर ऊन रणरणत होतं. त्यांनी मूठ बाहेर काढली, तर काळीभोर ओली माती आणि तिच्यात वळवळणारी दोन गांडुळं.

"खाली गार आहे," ते म्हणाले.

"झोपलीय. अजून तीन आठवडे उठवायची नाही."

त्यांनी मातीचा हात पुसून नकाशा उघडला, 'पडीक' खोडून 'लागवडीखाली, विश्रांतीत' असं लिहिलं आणि सही केली. मला वाटलं, सुटलो. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानायला लागले, तोवर जाऊबाईंनी चष्मा लावून नकाशावरचे आकडे वाचले आणि गळ्यातला टेप काढला.

"टाकीकडची बाजू दीड हात कमी धरलीत, साहेब. धरा हे टोक."

साहेबांनी टोक धरलं.