परतूरहून हिमालयाची काळजी

हिमालयाला कधी तक्रार करावीशी वाटली असती, तर तो थेट परतूरला आमच्या मामांकडेच आला असता, इतकी त्या पर्वताची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली होती. स्वतः मामांनी बर्फ पाहिला होता तो फक्त उसाच्या रसात. पण एकदा पेपरात वाचलं, की चुलीची, भट्टीची, डिझेलची काजळी हवेत चढते, ऊन शोषून हवा तापवते आणि दूर जाऊन बर्फावर बसली की बर्फ लवकर वितळतो. झालं! तेव्हापासून कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी पातेल्याच्या बुडाला बोट लावून बघत. एका लग्नात तर आचाऱ्याच्या कढईखाली डोकं घातलं आणि पांढऱ्या टोपीची काळी करून तसेच पंगतीत बसले.

एका बाजाराच्या दिवशी त्यांनी गोळेवाल्याकडून किसलेला बर्फ दोन ताटांत घेतला, एकावर तव्याची काजळी भुरभुरवली आणि दोन्ही ताटं उन्हात ठेवली. काळ्याचं आधी पाणी झालं. "बघा, काळं कसं ऊन पिऊन राह्यलं," मामा म्हणाले. लोकांना पटलं. परतूरच्या उन्हात पांढराही फार टिकला नाही, ही गोष्ट वेगळी.

मामी मात्र चुलीपाशीच होत्या. त्या कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाकरी भाजत आणि भाजता भाजता खोकत. प्रयोगाचं सगळं कौतुक ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "हिमालयावर जाणारा धूर आधी माझ्या छातीतून जाऊन राह्यला. तिथली काजळी न्हाई का दिसली तुम्हाला?"

त्या दिवशी मामांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी चुलीला धुराडं बसवायला गवंडी बोलावला आणि ऐनवेळी स्वतःच अडले. मामींच्या छातीतून सुटलेला धूर आता सरळ वर, हिमालयाकडेच जाणार होता. बराच वेळ छपराकडे बघत बसले. मग गवंड्याला म्हणाले, "बसव बाबा. हिमालय जरा दम धरंल." आपलं प्रेम यापेक्षा स्पष्ट त्यांनी कधी बोलून दाखवल्याचं मला आठवत नाही.

पुढे मामी आणि हिमालय, दोघांचीही सोय व्हावी म्हणून त्यांनी गोबरगॅस बसवला. मामा स्वतः शेण कालवत आणि त्या निळ्या जाळापुढे देव्हाऱ्यापुढे बसल्यासारखे बसत. भाकरीला धुराची चव राहिली नाही, हे मामींनी त्यांना बरेच दिवस ऐकवलं. खोकला मात्र हळूहळू गेला.

मामा आता नाहीत. त्यांच्याशिवाय ते घर फार शांत वाटतं. परवा गेलो होतो, तेव्हा पेपरात बर्फाच्या डोंगराचा फोटो आला होता. मामींनी तो पदराने हलकेच पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"माझा खोकला तर गेला," त्या म्हणाल्या. "याचं कसं हाय आता? तेवढं वाचून सांग मला."