धोंडूच्या घरी, कुडपणला

बसऱ्याहून परतल्यापासून कुडपणला जायचं टाळत होतो. दिवाळीनंतर आगबोटी नीट सुरू झाल्या आणि निघालो. बाणकोटला उतरून होडीनं सावित्रीतून दासगाव, तिथून बैलगाडीनं महाड. पोलादपूरपर्यंत मोटार मिळते; पुढे चढ पायीच. जाणाऱ्यानं उन्हाआधी निघावं. वर सपाटीवर नाचणीची कापणी चालली होती.

धोंडू बसऱ्याच्या लढाईत खेचरं हाकायचा, मी तिथल्या रेल्वेत कारकून. पटकीच्या साथीत तो गेला. तेव्हा शिपाई आणि तिथल्या गावातली माणसं एकाच चरात पुरली. लढाई संपल्यावर सगळ्यांना उकरून नव्या कबरस्तानात नेलं, तेव्हा मी तिथं होतो, हे मी पोचताच घरच्यांना सांगितलं. धोंडू गेल्याचा सांगावा घरी कधीच पोचला होता, पण देह कुणी पाहिला नाही म्हणून त्याच्या म्हाताऱ्या बापानं दिवस घातले नव्हते.

धोंडूच्या बायकोनं, सखूनं, भाकरी आणि कुळथाची पिठी वाढली. कपाळावर कुंकू होतं.

माझं जेवण झाल्यावर म्हणाली, "भावजी, तुमी वळखलात त्यांना?"

हो म्हणणं सोपं होतं. पण म्हातारा माझ्याकडे एकटक बघत होता.

"नाही वहिनी. नुसती हाडं होती. कुणाचं कुठलं, कळत नव्हतं."

"संगती कोण हाय?"

"शिपाई आहेत. तिथल्या बायका आहेत, पोरं आहेत."

ती आत गेली. म्हातारा म्हणाला, "तू डोळ्यांनी बघितलंस, मला त्येवढं बास. उद्या धोंडूला घास ठेवू."

सकाळी सखूच्या कपाळावर कुंकू नव्हतं. म्हाताऱ्यानं कड्याजवळ पान मांडलं. तिनं शेजारी दुसरं मांडलं.

"ह्ये कुणाचं गो?"

"संगतीच्यांचं. त्यांना तरी कोण घालतंय?"

कावळे आले ते दोन्ही पानांवर तुटून पडले. भात सांडला, एकात एक झाला. म्हातारा वाकून बघत राहिला.

"तितंबी असंच मिसळलीत रं सगळी," म्हणाला आणि रडू लागला. मी त्याला धरलं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच रडत होता, हे सखूनं मला नंतर सांगितलं.

घरी पोचल्यावर बायकोनं विचारलं, "कुडपण कसं आहे?"

"फार सुंदर," एवढंच म्हणालो.