मोजून तीन रातकिडे

तीन बोटं वर करायची आणि म्हणायचं, "मोजून तीन, मावशी." ही त्याची सवय. नमस्कार नंतर, बोटं आधी.

मी अमेरिकेत मुलाकडे श्रूजबरीला राहत होते तेव्हाची गोष्ट. पोरांच्या नोकऱ्या पटापट जात होत्या. शेजारच्या घरातला हा मुलगा नागपूरचा. त्याच्या रूममेटची नोकरी गेली, तो भारतात परतला आणि पाळलेली सरडी याच्या गळ्यात बांधून गेला. सरडा नव्हे, सरडी. डोक्यावर टोपीसारखा तुरा, दोन डोळे दोन दिशांना. तुम्ही पाहिली असती तर दोन पावलं मागे सरकला असता. मीही सरकले होते. हा तिला मॅडम म्हणायचा.

मी त्याच्याकडे जायचे ती जास्वंदीसाठी. मॅडमच्या जाळीच्या पिंजऱ्यात जास्वंदीची कुंडी होती, आणि बाहेर गुडघाभर बर्फ. संकष्टीला गणपतीला लाल फूल आणणार कुठून? पण मॅडमही फुलं खायची. मी हात घातला की फिस् करून तोंड उघडायची. शेवटी त्यानेच वाटणी लावून दिली. चतुर्थीचं फूल देवाचं, बाकीची मॅडमची.

मॅडमचं डाएट होतं. दुकानातून जिवंत रातकिडे आणायचे, त्यांना कॅल्शियमची पांढरी पूड लावायची आणि दिवसाआड मोजून तीन द्यायचे. पिंजऱ्यावरचा दिवाही बेताचा.

"असं उपाशी का मारतोस रे तिला?"

"उपाशी नाही, मावशी. जास्त खाल्लं, जास्त ऊब मिळाली की जास्त अंडी होतात. पोटात अडकली तर संपलं."

"पण नर कुठे आहे?"

"नर लागत नाही. कोंबडीसारखंच."

कोंबड्या मी पाळल्या होत्या, त्यामुळे ते पटलं. खाताना मोजणं मात्र पटलं नाही.

थंडीत तो मुली बघायला महिनाभर नागपूरला गेला. किल्ली माझ्याकडे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावून गेला: मोजून तीन. दिवसाआड.

चार दिवस मी पाळलं. पाचव्या दिवशी तिने एक डोळा माझ्यावर लावला आणि दुसरा रातकिड्यांच्या डब्यावर. माझ्या दारातून आजवर कोणी अर्धपोटी गेलेलं नाही. मी सात टाकले. मग रोजच सात. दिवाही जवळ आणला. ती गरगरीत झाली, अंगावर पिवळे-निळे ठिपके आले. मला वाटलं, तेज आलं.

तिसरा आठवडा सरता सरता तिने खाणं सोडलं. पिंजऱ्यात येरझारा घालायला लागली, कुंडीतली माती उकरायला लागली. मी त्याच्या मोबाइलवर फोन लावला.

"किती देत होतात, मावशी?"

"तीन."

भिंतीवरचा कागद माझ्या समोरच होता.

"सात," मी म्हणाले. "रोज."

तिकडे बशांचे आवाज येत होते. कांदेपोहे चालले असणार. तो ओरडला नाही. "ओली वाळू पाहिजे, हातभर खोल. तिला आत ठेवा, वर चादर टाका आणि बघू नका. कोणी बघितलं तर ती अंडी घालत नाही. नाही घातली तर मॅडम जाईल."

मागून एका बाईचा आवाज आला, "अहो, कोण बाळंत होतंय म्हणे?"

वाळू होती नातीच्या खेळायच्या पेटीत, गोठून दगड झालेली. मी ढेकळं आणली आणि फुटाण्याची वाळू तापवतात तशी कढईत परतली.

"आई! माझी नॉनस्टिक!" सूनबाई.

"आजी, दॅट्स माय सँड!" नात.

मी दोघींना बाहेर काढलं. वाळू निवू दिली, कोपर लावून पाहिलं, मुठीत लाडू वळेल इतकं पाणी घातलं आणि तांदळाचा मोठा डबा रिकामा करून त्यात भरली. डबा शेजारी नेला आणि सरडीला पहिल्यांदाच हातात घेतलं. पोट खड्यांच्या पिशवीसारखं लागत होतं.

चादर टाकून मी पाठ करून बसले. बाळंतपणं खूप पाहिली, पाठ करून एकही नाही. खसखस आवाज यायचा, थांबायचा. थांबला की मी कान टवकारायचे. ती मेली तर त्याला काय सांगायचं ते ठरवत होते.

संध्याकाळी चादर उचलली. वाळू थापून सपाट केलेली, आणि वर मॅडम, रिकाम्या पिशवीसारखी. मी चमच्याने थेंब थेंब पाणी सोडलं. प्यायली.

तो आल्यावर त्याने वाळू उकरून अंडी मोजली. एकसष्ट. आधीच्या वेळी अठरा होती. त्याने माझ्याकडे बघून तीन बोटं वर केली.

"कळलं," मी म्हणाले. "स्थळाचं काय झालं?"

"मोडलं. बाळंतीण कोण, हे त्यांना पटेल असं सांगता आलं नाही."

उन्हाळ्यात त्याला पार दुसऱ्या किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला नोकरी लागली. मागच्या सीटवर पिंजरा, पिंजऱ्याला पट्टा, आत जास्वंद आणि मॅडम. मी बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. त्याने मोजून तीन काढले आणि डबा परत केला. तो गाडीची काच पुसत होता तेव्हा मी उरलेले त्याच्या बॅगेत शर्टांखाली ठेवले.

त्यानंतर माझ्या गणपतीला जास्वंद नाही. तो गेल्यावर आठवड्याभराने फोन आला. मॅडम बरी होती. प्रवासात तिने एक रातकिडा कमीच खाल्ला होता.

"मावशी, खरं सांगा. बॅगेत लाडू किती टाकलेत?"

"तीन," मी म्हणाले.

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं. मग तोंडात घास असल्यासारखा तो "बरं" म्हणाला.