थोरलीचं बोलावणं

सेनेगलात मासळीचा भात कोण शिजवत नाही? पण न्दारला, कागदोपत्री ज्याला सें-लुई म्हणतात त्या आमच्या शहरात, लोखंडी पुलाच्या अलीकडे किनेची टपरी आहे, आणि तिच्या पातेल्याच्या तळाची खरपुडी मिळावी म्हणून चांगले इस्त्रीच्या कपड्यातले लोक ताटकळत उभे राहतात. मीही त्यातलाच. बाई पन्नाशीला टेकलेली, अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ. भात कमी वाढला अशी कुणी कुरकुर केली की "तुझं पोट आहे की नदी?" म्हणून झाडते. अशा बाईच्या मनात सव्वीस वर्षं काय कुजत होतं, याचा आम्हाला पत्ताच नव्हता. पुढे तिनेच सांगितलं म्हणून कळलं.

किने ही मासेकची धाकटी बायको. थोरली ताक्को तिकडे जोलोफच्या माळावर, सासरच्या गावी, गुरांमागे. मासेक इथे कोळीवाड्यात होड्या रंगवायचा आणि वर्षातून एकदा तबास्कीला, म्हणजे बकरी ईदेला, गावी जाऊन पंधरा दिवस राहून यायचा. आमच्याकडे निम्मी घरं अशीच चालतात, त्यात नवल काही नाही. मासेक गेला तेव्हा त्याला गावीच पुरलं. त्यानंतर दोन वर्षांनी, जूनच्या अखेरीला, अंगाची लाही होत असताना ताक्कोचा निरोप आला. गवत उगवलंय, गुरं पुतण्याच्या हवाली केलीत, शहर बघायला येतेय, तबास्की करूनच जाईन.

किने धास्तावली. सवत राहायला येतेय, एवढ्याने नव्हे. तसल्या भांडणांची तिला सवय होती आणि हौसही. पण या सवतीच्या तोंडाकडे दोन महिने बघायचं कसं, हे तिला कळेना.

ताक्को उतरली ती डोक्यावर भोपळ्याच्या भांड्यात आंबट दूध आणि काखेत तुपाचा डबा घेऊन. साठीची, उंच, वाळलेली, पाठ मात्र ताठ. सलाम झाला, इकडचं तिकडचं विचारून झालं, आणि पाणी पिऊन होतं न होतं तोच म्हणाली, "चल गं धाकटे, दाखव तुझं शहर. बघू तरी, इथे असं काय होतं जे माझ्यात नव्हतं." आणि स्वतःच खो खो हसली. किनेला हसायला जमलं नाही.

मग रोजचंच झालं. दुपारी भात संपला की किने हात धुवायची आणि दोघी निघायच्या. पुलावर ताक्को मधोमध थांबली, कठड्याला धरून खाली बघत. मागे घोडागाडीवाला बोंबलला, "आजी, पूल विकत घेतलाय का?" ताक्को मागे न बघता म्हणाली, "घेणार होते रे, पण तुझ्या घोड्याच्या बरगड्या मोजता मोजता विसरले." गाडीवाला इतका हसला की त्याने दोघींना फुकट पलीकडच्या बेटावर सोडलं. तिथली जुनी फिरंग्यांची घरं, सज्जे, रंग उडालेल्या खिडक्या बघून ताक्को म्हणाली, "इतकी घरं आणि एकाच्याही दारात गाय नाही. राहतात कशी माणसं?"

समुद्र तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मग ओंजळ भरून तोंडात घेतली आणि थुंकली. "शी! एवढं पाणी, आणि एक जनावर प्यायला येऊ नये म्हणून मीठ घालून ठेवलंय मेल्यांनी!" पोरं हसून लोळली. तीही हसली. नंतर हळूच विचारलं, "तो रोज बघायचा हे?"

"हो अक्का."

"सांगितलं नाही कधी."

चार दिवसांनी किने तिला गांजोलला घेऊन गेली, दीपस्तंभ दाखवला, मिठाच्या खड्ड्यांवर नेलं. तिथल्या बाया कंबरभर खाऱ्या पाण्यात उभ्या राहून मीठ ओढत होत्या. ताक्कोने त्यांच्याशी अशी दोस्ती केली की त्यांनी तिला गुरांच्या चाटणासाठी पिशवीभर मीठ दिलं. परतताना खडखडणाऱ्या गाडीत ती किनेच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. इतक्या विश्वासाने! किने मला पुढे म्हणाली, "त्या दिवशी तिने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या ना, तर मला बरं वाटलं असतं."

एक जागा मात्र किने टाळत होती. पण कोळीवाड्यात आलेल्या बाईला होड्या दाखवायच्या नाहीत म्हणजे काय? ऑगस्टच्या मध्याला ताक्को स्वतःच वाळूवर उतरली. रांगेने ओढून ठेवलेल्या होड्या, कुणावर सिंह, कुणावर मल्ल, कुणावर पिराचं नाव. आणि मध्येच एकीवर गाय. पुढच्या होडीवर पुन्हा गाय. पांढरी, पाठीवर तांबूस डाग, डावं शिंग अर्धं तुटलेलं.

ताक्को जवळ गेली. लाकडावर हात फिरवला. "ही तर आमची देलो," ती म्हणाली. "माझ्या माहेरून आलेली. लग्नात आणलेली."

शेजारी जाळं विणणारा म्हातारा म्हणाला, "मासेकचं काम. लोक सिंह मागायचे, हा गायच काढायचा. आम्ही चिडवायचो त्याला. म्हणायचा, हिच्या होडीला मासळी जास्त लागते."

ताक्को खाली वाळूत बसली. बसल्या बसल्या किनेकडे बघून विचारलं, सरळ, पाणी मागावं तसं, "मग मला एकदाही का बोलावलं नाही गं त्याने?"

किने म्हणाली, "मला काय माहीत अक्का."

काय माहीत म्हणे! तिला नाही तर कुणाला माहीत असणार?

झालं होतं ते असं. किनेचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, वय बावीस, मूल नाही. त्या काळी आमच्याकडे पत्रं कुणी लिहीत नसे, कॅसेट भरायची. टेपरेकॉर्डरसमोर बसायचं, मनातलं बोलायचं आणि गावच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायची. गावात कुणाच्या तरी टेपवर ती लागायची, उत्तर तोंडी यायचं. मासेकने ताक्कोला इकडे राहायला बोलावण्याची कॅसेट भरली, आणि ती स्टँडवर पोचवायचं काम दिलं धाकटीला. पुरुषाची अक्कल बघा! किनेने वाटेत एका ओळखीच्या घरी ती लावली, पूर्ण ऐकली, मग फीत सगळी ओढून काढली आणि पुलावरून नदीत टाकली. आठवड्याने नवऱ्याला म्हणाली, "ड्रायव्हर सांगत होता, अक्का म्हणाली, गुरं सोडून मी येणार नाही."

मासेकने ब्रश धुतले, नीट पुसले, आणि तो विषय संपला. खरंच संपला. एकदा नाही म्हणालेल्या बायकोला पुन्हा विचारणं आमच्यातल्या पुरुषाला जमत नाही, आणि न बोलावता 'मी येऊ का?' म्हणणं आमच्यातल्या बाईला जमत नाही. त्याला आम्ही लाज म्हणतो आणि मुलांना लहानपणापासून शिकवतो. दर तबास्कीला नवरा-बायको पंधरा दिवस एका छपराखाली राहिले आणि दोघांनीही तोंड उघडलं नाही. किनेने केलेलं पाप त्या दोघांच्या लाजेने मासेक जाईपर्यंत सांभाळलं.

आता तबास्की आली. सकाळी नमाज, मग बकरा, मग चुलीवर काळीज. आणि दुपारी नवे कपडे घालून घरोघरी माफी मागत फिरणं. आमच्याकडे ती रीतच आहे. लहान मोठ्याची मागतो, मोठा लहानाची मागतो, शेजारी शेजाऱ्याची. "माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ कर." "केलं. तूही मला कर. देव दोघांना करो." आणि पुढच्या दारात. कुणी कधी विचारत नाही, काय चुकलं म्हणून. विचारायचंच नसतं.

किने दोन महिने याच दिवसाची वाट बघत होती. सकाळी नमाज होताच तिने ताक्कोचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "अक्का, कळत नकळत माझ्या हातून तुझं काही वाईट झालं असेल, तर मला माफ कर." आवाज फुटला तिचा.

"माफ केलं गं बाई. तूही मला कर. देव दोघींना करो," ताक्को म्हणाली आणि डोक्यावरच्या ओढणीने तिचे डोळे पुसले.

सुटले, असं किनेला वाटलं. काळजाचे दोन तुकडे जास्तीचे खाल्ले तिने. गुणगुणायला लागली. त्या वेळच्या स्वतःला ती 'चोरटी कुठली' म्हणते; शब्द माझा नाही, तिचाच आहे. मी फक्त सांगतोय.

तिसऱ्या प्रहरी दोघी अंगणात कांदे कापत बसल्या होत्या. ताक्को आपल्याच नादात म्हणाली, "आज किती जणांना माफ केलं देव जाणे. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा केलं असेल. एकालाच नाही केलं."

"कुणाला?"

"मासेकला."

किनेची सुरी थांबली.

"जनाज्याच्या वेळी इमामाने विचारलं ना, ज्याचं ज्याचं याच्याकडे काही राहिलं असेल त्याने माफ करा म्हणून? सगळे 'केलं' म्हणाले. मी ओठ हलवले नुसते. आवाज नाही काढला." ताक्को कांदा कापतच होती. "रोज त्याच्या कबरीजवळून गुरं नेते. सलाम करत नाही. लोक सांगतात, बायकोने माफ केलं नाही तर माणूस तिकडे अडकून राहतो. राहू दे म्हटलं. तेहेतीस वर्षांच्या संसारात एकदा 'ये' म्हणायला काय झालं होतं? इथे आले ते तेवढ्यासाठीच. काही कारण सापडलं तर माफ करावं म्हणून. नाही सापडलं. उलट त्या होड्या बघून जास्तच संताप झाला. लाकडावर माझी गाय काढतो, आणि मला नाही बोलावत!"

किने गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं? फीत नदीत, माणूस मातीत. सकाळी माफीही मिळून गेली होती. आणि तो बिचारा, ज्याने कुणाचं काही बिघडवलं नाही, तो तिच्यामुळे तिकडे दारात उभा. स्वतःसाठी ती आणखी सव्वीस वर्षं गप्प बसली असती, तिनेच कबूल केलंय. त्याच्यासाठी तिला बसवेना.

"बोलावलं होतं त्याने," ती म्हणाली.

"काय?"

"कॅसेट भरली होती. मी पोचवली नाही. आणि तू नाही म्हणालीस असं त्याला सांगितलं."

ताक्कोने सुरी खाली ठेवली. शेजारच्या अंगणात कुणीतरी ईदेची गाणी लावली होती. मग ती म्हणाली, "काय म्हणाला होता?"

"अक्का..."

"तू ऐकलीस ना? मग सांग. एक शब्द गाळू नकोस."

आणि किनेने सांगितलं. तिला पाठ होतं. "ताक्को, सलाम. देलो व्याली का? बाजरी कापून झाली की ये. मशिदीमागे खोली बघितलीय, दार उत्तरेला, वारा येतो. तुला मासळी आवडणार नाही, पण सवय होईल. मला होड्या रंगवताना तुझ्याशी बोलायची सवय लागलीय, लोक वेडा म्हणतात. लवकर ये."

ताक्को रडली नाही. उठली, झगा झटकला आणि म्हणाली, "दाखव ती खोली."

ईदेच्या कपड्यांत, कांद्याच्या हातांनी दोघी निघाल्या. मशिदीमागच्या त्या खोलीत आता एक शिंपी राहत होता. त्याच्या बायकोने "या आजी, ईदेच्या दिवशी दारात का?" म्हणून आत घेतलं, मांसाचं ताट पुढे केलं. ताक्कोने एक तुकडा तोंडात टाकला, रीत म्हणून. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत चालून पाहिलं. उत्तरेच्या दारात उभी राहिली. वारा येत होता. तिथे उभं राहून, शिंप्याच्या बायकोसमोर, मोठ्याने म्हणाली, "मासेक, माफ केलं रे. ऐकतोयस ना? सगळं माफ केलं. तूही मला कर."

किने बाहेर उंबऱ्याशी होती. तिने विचारलं, "आणि मला?"

"सकाळी दिलेली माफी परत दे," ताक्को म्हणाली. "ती काय आहे हे न कळता दिली होती मी."

"दिली अक्का."

"आता पुन्हा माग."

किने तिथेच गल्लीत गुडघ्यांवर बसली. येणारे-जाणारे बघत होते. तिने मागितली. नाव घेऊन, काय केलं ते सांगून.

ताक्कोने ऐकून घेतलं. "आज 'केलं' म्हटलं तर ते नुसतं तोंडचं होईल," ती म्हणाली. "तू गावी ये माझ्याकडे. तिथे काय ते सांगेन. पण अशीच उठून येऊ नकोस. मी बोलावीन, तेव्हा ये. तोवर वाट बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली. मिठाची पिशवी किनेनेच टपावर चढवली.

या गोष्टीला दोन तबास्की होऊन गेल्या. किने अजून भात शिजवते, अजून लोकांना झाडते. पण जोलोफची गाडी समोरच्या स्टँडवर लागली, की डाव तसाच पातेल्यात सोडून रस्ता ओलांडते आणि ड्रायव्हरला विचारते, माझ्यासाठी काही निरोप आहे का? भात लागतो, गिऱ्हाइकं ओरडतात. ड्रायव्हर नाही म्हणून मान हलवतो, आणि ती परत येऊन आम्हाला वाढायला लागते.